जुन्या मागाचं चेंज व्हील: दिसतं तेच, वागतं उलटं

आज जुन्या साध्या मागाच्या एकाच सुट्ट्या भागाबद्दल बोलूया, चेंज व्हीलबद्दल. इंचात बाण्याचे किती धागे, म्हणजे किती पिक बसणार, हे या चाकाच्या दात्यांवर ठरतं.

आपल्या भिवंडीत मुंबईच्या गिरण्यांनी काढलेले जुने मागही आले. त्यामुळे एकाच शेडमध्ये कापड गुंडाळणाऱ्या टेक-अपच्या दोन जाती सापडू शकतात.

पहिली सात चाकांची, पिकल्स. तिच्यात स्टँडर्ड व्हील 36 दात्यांचं असेल तर हिशोब सोपा: चेंज व्हीलचे दाते 52, तर पिक 52. स्टँडर्ड 18 असेल तर मात्र एका दात्याला 2 पिक.

दुसरी पाच चाकांची. इथे सगळं उलटं. पिकल्समध्ये चेंज व्हील फिरवलं जातं, इथे तेच पुढच्या चाकाला फिरवतं. म्हणून दाते वाढले की पिक घटतात. समजा 39 दात्यांनी 52 पिक येतायत. त्यावर पिकल्सच्या सवयीने 52 चं चाक चढवलं, तर पिक उरतात 39!

मी हेच केलं होतं. कापड विरळ निघालं, व्यापाऱ्याने परत केलं, कारागिराची मजुरी मात्र द्यायचीच होती.

म्हणून भंगारातून चाक उचलण्याआधी टेक-अपची चाकं मोजा, स्टँडर्डचे दाते मोजा. बसवल्यावर वीतभर विणा, भिंग लावून पिक मोजा, मगच माग सोडा.