लॉगिनच्या पडद्याला वाचा
स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, अनेकदा लॉगिननंतरच सुरू होते; त्यामुळे पासवर्डच्या पडद्यावर, जिथे वापरकर्त्याच्या स्वतःच्या सेटिंग अद्याप लागू झालेल्या नसतात, अंध व्यक्तीसाठी आवाजाची स्वतंत्र सोय असावी लागते. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्यास तिथेच ‘नॅरेटर’ बोलू लागतो, तर ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर संगणकावर बसवतानाच तो लॉगिनच्या वेळी सुरू व्हावा, असा पर्याय निवडता येतो. टंकलेल्या पासवर्डची अक्षरे मात्र उच्चारली जात नाहीत, त्यामुळे गोपनीयता टिकते. महाविद्यालये व ग्रंथालये यांनी सामायिक संगणकांवर ही सोय आधीच करून ठेवावी.