हेडला मारलं कुणी?

शर्यत रविवारी होती आणि शुक्रवारी रात्री नऊला ते पोरगं गोणपाटात इंजिनाचं हेड गुंडाळून दारात उभं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या वेळेला बहुतेक लेथ झाकलेले असतात. आमच्या आण्णांचा दिवा तेवढा चालू असायचा. गाडी जपानी, २५० सीसीची फोर-स्ट्रोक डर्ट बाइक. चार-पाच चकरा मारल्या की पाणी बाहेर फेकायची. झाकण काढून थंड इंजिन चालू केलं तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसायचे.

बुडबुडे म्हणजे जळालेला वायू पाण्यात शिरतोय. गॅस्केटवर त्याची खूणही होती, सिलिंडर आणि पाण्याचं भोक यांच्यामध्ये कोळशानं ओढल्यासारखी काळी रेघ. आण्णांनी हेड पुसलं, पोलादी पट्टी आधी उभी, मग दोन्ही कोपऱ्यांतून तिरकी ठेवली आणि खालून फीलर गेजची पात सरकवून पाहिली. अशा हेडला ०.०५ मिलीमीटरपर्यंतचा बाक चालतो. डोक्यावरच्या केसाहूनही बारीक अंतर आहे हे. इथं ०.१०ची पात सहज आत गेली.

"हेड बदलायचं का, आण्णा?" पोरानं विचारलं. नव्या हेडची किंमत त्यानं आधीच काढली होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"रेडिएटर कुठाय?"

"गाडीलाच आहे."

"मग निम्मंच आणलंयस की. जा, घेऊन ये."

ते जाऊन येईपर्यंत सरफेस प्लेटवर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर चिकटवून मी हेड घासायला बसलो. हात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचा आणि मधूनमधून हेड अर्ध्या वर्तुळात वळवायचं, म्हणजे एकाच बाजूचा माल जात नाही. आधी ४०० नंबर, शेवटी ६००. मशिनवर फेस मारला असता तर काम लवकर झालं असतं. पण मशिनवर जरा जास्त माल गेला की कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि काढलेलं अॅल्युमिनियम परत लावता येत नाही. हातानं घासताना दर दहा मिनिटांनी पट्टी ठेवून बघता येतं. माझे खांदे भरून आले होते, तरी त्या रात्री हेच बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

साडेअकराला रेडिएटर आला. पुढून लखलखीत होता. आण्णांनी पाठीमागून बॅटरी मारली, तर पलीकडे उजेडच येईना. जाळीत काळी माती घट्ट वाळून बसलेली, आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून धुताना पत्र्याच्या बारीक पाकळ्या आडव्या झालेल्या. वाराच जात नव्हता. "हेड आपसूक मरत न्हाई," आण्णा म्हणाले, "त्याला कोणतरी मारतंय. ते आधी हुडकायचं." मग त्या पोरानं आणि मी पहाटेपर्यंत बारीक स्क्रूड्रायव्हरनं एकेक पाकळी सरळ केली. रविवारी तो कितवा आला, मला खरंच आठवत नाही. शर्यत संपल्यावर मी धावत गेलो ते रेडिएटरचं झाकण बघायला. एक थेंब सांडला नव्हता.

आण्णांना ही सवय आरएक्स १००नं लावली. ९८ सीसीचं ते टू-स्ट्रोक इंजिन. त्याच्या हेडमध्ये ना व्हॉल्व्ह ना कॅम, चार नट सोडले की हेड हातात. अशा एका हेडला आतून वाळू मारल्यासारखे खड्डे पडलेले असायचे. आण्णांच्या उमेदीच्या काळात सगळे ते लेथवर साफ करून परत बसवायचे, आणि काही दिवसांत तेच हेड पुन्हा दारात. दोष सापडला खाली, क्रँकच्या ऑइल सीलमध्ये. तिथून फालतू हवा ओढली जायची, पेट्रोल कमी पडायचं आणि वर ठोके बसायचे. मार वर, कारण खाली.

फोर-स्ट्रोक हेडचं प्रकरण जास्त नाजूक. १९९७ साली लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीनं यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर शर्यत जिंकून दाखवली आणि पुढच्या वर्षी वायझेड ४००एफ बाजारात आली. त्यानंतर मोटोक्रॉसचं वारंच फिरलं. वेग वाढवायचा तर व्हॉल्व्ह हलके हवेत, म्हणून टायटॅनियम आलं. त्याचं वजन पोलादाच्या जेमतेम ६० टक्के. पण त्याच्यावरचा कडक थर फार पातळ असतो, आणि तो गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो. गाडी सकाळी किकला दाद देत नाही. टॅपेटचं अंतर मोजावं तर घट्ट झालेलं. पातळ शिम घालून ते पुन्हा जमवता येतं, पण आठवड्यात परत घट्ट झालं तर समजावं की व्हॉल्व्ह संपला.

एका गाडीचे इनटेक व्हॉल्व्ह असेच तिसऱ्यांदा घट्ट झाले होते. आधीच्या कुणीतरी नेहमीच्या सवयीनं पेस्ट लावून ते घासले होते. पोलादी व्हॉल्व्हला ते चालतं, टायटॅनियमचा उरलासुरला थर मात्र त्यात जातो. आण्णांनी हेडला हात लावण्याआधी पांढरं फडकं बोटाला गुंडाळून एअर फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत फिरवलं. फडकं तांबडं होऊन बाहेर आलं. फिल्टरचा फोम धुऊन तेल न लावता कोरडाच बसवला जात होता. तांबड्या मातीच्या ट्रॅकवर असा फिल्टर म्हणजे इंजिनाला रोज मूठभर वाळू चारणंच. सीट नव्यानं ४५ अंशांत कापल्या, पोलादी व्हॉल्व्ह आणि त्यांच्या वजनाला झेपतील अशा स्प्रिंगा बसवल्या. वरचा वेग थोडा कमी झाला. मालकाला आण्णांनी ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि फिल्टरच्या तेलाचा डबाही हातात ठेवला होता.

काही हेडं मात्र वाचत नाहीत. एकाचा कॅम जाम झाला होता. या हेडमध्ये कॅमला बेअरिंग नव्हतं, तो थेट अॅल्युमिनियममध्ये तेलाच्या पापुद्र्यावर फिरायचा. तेल आटलं आणि त्या गुळगुळीत जागेला चरे पडले. मालक म्हणाला, आर्गन वेल्डिंगनं भरून घ्या. आण्णांनी नकार दिला. भरता येतं, पण हेड तापून वाकतं, धातू मऊ पडतो, आणि मग दोन्ही टोकांची भोकं एका रेषेत पुन्हा बोअर करावी लागतात. तेवढं बारीक मशिन आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्याच्या जिवावर अंदाज मारणं त्यांना मान्य नव्हतं. मालकानं नवं हेड मागवलं. ते येईपर्यंत आम्ही ऑइल पंप उघडला आणि तेलाची प्रत्येक वाट हवा मारून पाहिली. एक वाट बंद होती, गॅस्केटच्या जागी कुणीतरी सढळ हातानं लावलेल्या सीलंटच्या गोळीनं.

ते मेलेलं हेड अजून लेथच्या वरच्या फळीवर आहे. नवं पोरगं कामाला आलं की आण्णा ते खाली काढतात आणि त्याच्या हातात देतात.

"नख फिरव. लागतंय काय?"

"लागतंय, आण्णा."

"मग आता सांग, तेल कुठं अडलं असंल?"