पोस्टरच्या कोपऱ्यातली सही

कोणत्याही कंपनीच्या, जाहिरात संस्थेच्या किंवा एकाच कलादालनाच्या पगारावर वा करारावर न राहता प्रदर्शने, मैफलींची पोस्टरे, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि इतर कलावंतांबरोबरची संयुक्त कामे यांवर जो उपजीविका करतो, त्याला ‘स्वतंत्र चित्रकार’ म्हणतात. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे ५८ ते ६८ किलोमीटर अंतरावर आहेत. या पट्ट्यात राहणाऱ्या चित्रकाराचे काम लोकांच्या नजरेस पडते ते बहुधा मैफलीच्या पोस्टरमधून, कारण मुंबईतल्या प्रदर्शनापर्यंत सर्वांनाच पोहोचता येत नाही, पोस्टर मात्र ज्या भिंतीवर लागेल तिथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

पोस्टर, म्हणजे भिंतीवर लावण्यासाठी छापलेले आणि लांबून वाचता येईल असे चित्र, एकोणिसाव्या शतकात शिळाछापाच्या तंत्रामुळे फोफावले. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणाचा उपयोग करून कागदावर ठसा घ्यायचा, अशी ही पद्धत असून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आणि पुढे तो मळवलीला नेऊन हे रंगीत चित्र घराघरांत पोहोचवले. पोस्टरच्या इतिहासात कल्याणचे नावही एका वेगळ्याच वाटेने आले आहे: बाबूराव पेंटर यांच्या १९२४ मधील ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतील सर्वांत जुने मानले जाते. कोल्हापूरच्या या कलावंताने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरेही स्वतः रंगवली. ‘पेंटर’ हे त्यांच्या व्यवसायाचे नाव आडनावाच्या जागी रूढ झाले, यावरून त्या काळी हाताच्या कामाला समाजात किती ओळख होती हे कळते.

मैफलीचे पोस्टर मात्र चित्रपटाच्या पोस्टरहून अवघड असते. चित्रपटाला नायकाचा चेहरा आणि कथेतला एखादा प्रसंग असतो, तर गाण्याला दिसणारे रूपच नसते, आणि त्यामुळे तानपुरा, तबला, कमळ, मावळता सूर्य अशा ठरलेल्या प्रतिमांकडे वळण्याचा मोह फार असतो. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात वेस विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो आदी चित्रकारांनी संगीतसभांच्या पोस्टरांसाठी निराळा मार्ग काढला. त्यांनी अक्षरेच फुगवली, वितळवली आणि रंगांची अशी टक्कर लावली की मजकूर वाचायला थांबावे लागे, आणि असे थांबणे हाच त्या संगीताचा पहिला अनुभव ठरे. त्या पोस्टरांच्या मालिकांना क्रमांक देण्यात आले, लोक ती जपून ठेवू लागले आणि जाहिरातीचा कागद संग्राह्य वस्तू बनला.

मराठीत अक्षराला असे मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने कमल शेडगे यांच्याकडे जाते. १९३५ ते २०२० असे आयुष्य लाभलेल्या शेडगे यांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी शेकडो शीर्षके रेखाटली आणि नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात उतरवला. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एका दोरीत बांधते आणि वेलांट्या व मात्रा तिच्या वर, तर उकार अक्षरांच्या खाली जातात. त्यामुळे रोमन अक्षरांसाठी केलेली मांडणी जशीच्या तशी देवनागरीवर चढवली की अक्षरे गुदमरतात, आणि आजच्या अनेक पोस्टरांतील कुरूपतेचे मूळ येथेच आहे. संगणकातला तयार टंक कामचलाऊ असतो, पण मैफलीचे नाव हाताने रेखाटले तर तेच चित्राचे काम करू शकते.

उल्हासनगरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आणि म्हणूनच चित्रकाराला अधिक काही देणारा होतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळाच्या, म्हणजे कल्याण कॅम्पच्या, जागी सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांनी गाणे, नाच आणि कथन यांचा मेळ असलेली ‘भगत’ ही परंपरा बरोबर आणली. सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश १९६७ साली झाला, परंतु ती भारतात अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते. अरबी वळणाच्या सिंधी वर्णमालेत ५२ अक्षरे आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची. देवनागरीत सिंधी लिहिताना श्वास आत ओढून उच्चारल्या जाणाऱ्या चार ध्वनींसाठी ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी अधोरेखित अक्षरे वापरतात, आणि ती खालची रेघ उकाराशी अडखळते. सिंधी संगीताच्या कार्यक्रमाचे पोस्टर करणाऱ्याने एका कागदावर दोन दिशांची वाचने, शिवाय मराठी, हिंदी व इंग्रजी मजकूर कसा बसवायचा, याचे उत्तर कोणत्याही तयार साच्यात नाही. आजोबांची लिपी नातवाला वाचता येत नाही अशी घरे सिंधी समाजात आता पुष्कळ आहेत, आणि अशा घरासाठी दोन्ही लिप्यांना सारख्या आकाराने उभे करणारे पोस्टर ही मोठी सांस्कृतिक सेवा ठरेल.

अंबरनाथचे शिवमंदिर हे या पट्ट्यातील सर्वांत जुने सामूहिक कलाकार्य होय. शिलाहारांच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे देऊळ भूमिज शैलीत, म्हणजे शिखरावर लहान शिखरांच्या ओळी रचत जाणाऱ्या पद्धतीत, बांधलेले आहे. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील मंडळींकडून त्याची रेखाटने, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे करवून घेतले. रेखाटणारे, छायाचित्र काढणारे आणि साचे घेणारे हात एकाच वास्तूवर एकत्र राबले, हे संयुक्त कलाकार्याचे उत्तम उदाहरण आहे, पण त्या कामाच्या संदर्भात नाव येते ते कलाशाळेचे, रेखाटणाऱ्या विद्यार्थ्यांचे नव्हे. अलीकडे याच मंदिराच्या परिसरात भरणाऱ्या कलामहोत्सवात संगीताबरोबर चित्र-शिल्पांनाही जागा मिळते, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांनी तिथे चित्र काढले त्यांची नावे गायकांच्या नावांइतक्याच ठळकपणे छापली जावीत, एवढीच अपेक्षा.

प्रदर्शनाचे गणित वेगळे. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात तारीख मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि चौकटी, वाहतूक व आठवडाभराची राहण्याची सोय यांचा खर्च विक्रीआधीच करावा लागतो. पोस्टर करणाऱ्याला यातून एक वाट सापडते ती स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग पुसून छापण्याची. या पद्धतीने तेच पोस्टर चांगल्या कागदावर मोजक्या प्रतींत छापता येते आणि प्रत्येक प्रतीखाली, पन्नासांपैकी बारावी असेल तर ‘१२/५०’ असा क्रमांक घालून सही करता येते. एवढ्यासाठी दालनच हवे असे नाही, मैफलीच्या सभागृहाबाहेरच्या एका टेबलावरही तो संच मांडता येतो. १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजासारख्या संस्थांचा श्रोता अशा प्रतीचे मोल जाणतो.

संयुक्त कामात हक्कांची समज मात्र आधीच हवी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणारा ठरतो. प्रताधिकाराचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, असे कलम १९ सांगते. याचा अर्थ असा की दोन ओळींच्या पत्रातही पोस्टरचा वापर किती काळ आणि कशासाठी, हे लिहिणे चित्रकाराच्या हिताचे असते. त्याहून महत्त्वाचे कलम ५७ आहे, कारण त्यानुसार प्रताधिकार विकल्यानंतरही काम आपले असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. मैफलीत तबल्यावर आणि संवादिनीवर कोण होते, हे नाव जसे वगळले जाऊ नये, तसेच पोस्टर कोणी केले हेही.

प्रत्यक्षात ही सही हरवते ती फ्लेक्सच्या छपाईत. आयोजक चित्राचे मोजमाप बदलतो, वरती पुरस्कर्त्यांची पट्टी लावतो, खालचा भाग कापतो आणि नाव नेमके त्या कापलेल्या कोपऱ्यात असते. त्यामुळे सही कोपऱ्यात न ठेवता शीर्षकाच्या शिरोरेषेला किंवा गायकाच्या नावाच्या शेवटच्या वेलांटीला टेकवून लिहावी, म्हणजे ती काढायची तर गायकाचे नावही कापावे लागेल.