पाणी 'रन आउट' कसं होतं?

'रन आउट' म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. पण उन्हाळ्यात भूम-परंड्याकडे टँकरची वाट बघणाऱ्याला इंग्रजीत सांगायचं झालं, तर तो म्हणेल, 'वुई हॅव रन आउट ऑव्ह वॉटर.' आता इथं ना कुणी धावतंय, ना कुणी बाद झालंय. 'रन आउट' ही जोडी मिळून 'संपणे'. मागचा 'ऑव्ह' काय संपलं ते जोडून देतो; वस्तूचं नाव पुढे आलं की तो गाळून चालत नाही.

आपली गडबड होते ती सुटे अर्थ लावल्यामुळे. समजा, कळंबचा एक मुलगा पुण्यात मुलाखतीला गेलाय. फोन येतो, 'इंटरव्ह्यू पुट ऑफ केलाय.' ऑफ म्हणजे बंद, असं धरून तो गावी परततो आणि नवी तारीख विचारतच नाही. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे; रद्द करणे ते 'कॉल ऑफ'. एका शब्दापायी नोकरी हुकली की हो!

खरं तर हे आपल्याला नवं नाही. 'देऊन टाक' म्हणताना आपण तरी कुठं काही फेकतो? तेच इंग्रजीत 'गिव्ह अवे'.

आता जागेचं बघू. 'पुट इट ऑफ' असं 'इट' मध्ये बसतं, 'पुट ऑफ इट' होत नाही. पण 'लुक आफ्टर'मध्ये ते शेवटीच येतं: 'लुक आफ्टर इट'. कारण 'आफ्टर' इथं शब्दयोगी आहे, त्याला आपलं नाम मागेच लागतं.