माठातला सूर

“काय म्हणाले गं बुवा?” रेडिओवर कीर्तन लागलं की सासूबाईंचा हा प्रश्न दर पाच मिनिटांनी ठरलेला. आवाज वाढवला की घर दणाणायचं, पण शब्द काही उमगायचे नाहीत. हे म्हणाले, “हप्त्याने मोठा सेट घेऊ.” हप्ता म्हटला की माझ्या पोटात गोळा! म्हटलं, आधी घरात काय आहे ते पाहू.

आमच्या बीडच्या घराला शहाबादी फरशी, उघड्या भिंती. अशा खोलीत प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. विजापूरच्या गोलघुमटात हाच प्रतिध्वनी ऐकायला लोक लांबून येतात. बैठकीत मात्र तो नकोसा होतो. खाली सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली. पै खर्च न होता शब्द बरेच सुटे झाले.

मग जुन्या टेपचे दोन स्पीकर माळ्यावरून काढले. नुसता स्पीकर किरकिरा वाजतो. त्याचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतोही. या दोन लाटा एकत्र आल्या की खर्ज मारला जातो. म्हणून मागची बाजू बंद हवी. सुतार महाग; कुंभार परवडला! स्पीकरच्या मापाच्या तोंडाचे दोन कोरे माठ टिचकी मारून, वाजवून घेतले. आत जुन्या उशीचा कापूस सैलसर भरला, नाहीतर आवाज फार घुमतो. तोंडाशी स्पीकर बसवून फटी लांबीने बुजवल्या आणि माठ चुंबळीवर आडवे ठेवले. 12 व्होल्टचा छोटा ॲम्प्लिफायर आणला. त्याला मोबाईल किंवा रेडिओ तारेने जोडता येतो.

एवढे मात्र सांभाळा:

• स्पीकरवर 4 किंवा 8 ओहम लिहिलेले असते. ॲम्प्लिफायरला तो आकडा चालतो ना, हे दुकानातच विचारा. कमी ओहमचा स्पीकर जोडला तर ॲम्प्लिफायर तापतो.

• दोन्ही स्पीकरची अधिक-उणे टोके सारखीच जोडा. एकाची उलटी झाली तर ढोलकीचा ठेका पोकळ लागतो.

• स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवेत. दोघांत जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्याने बसावे. शोकेसमध्ये ठेवलेत तर काचेची भांडीच जास्त वाजतील!

• ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल घालू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यालाही वारा लागतो.

• वय वाढले की बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी खर्ज कमी, ‘ट्रेबल’ थोडा जास्त ठेवा. तरीही ऐकू येत नसेल तर यंत्राला दोष न देता कान तपासून घ्या.

मोठा सेट राहिला तो राहिलाच. आता संध्याकाळी भाकरी थापताना स्वयंपाकघरातून मीच विचारते, “आई, काय म्हणाले हो बुवा?” आणि सासूबाई सगळं निरूपण सांगत बसतात.