बंदूक तीच, मग बदके का पडत नाहीत?

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, निगडी-आकुर्डीच्या कामगार घरांत १९९०च्या दशकात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचे यंत्र आणि त्यात खोचायची कॅसेट. यातील बरीच यंत्रे निन्टेंडोच्या १९८३ मधील 'फॅमिकॉम'च्या नकला असत. 'मारिओ', 'कॉन्ट्रा' आणि बंदुकीने बदके टिपण्याचा 'डक हंट' (१९८४) हे लाडके खेळ.

माळ्यावरचे असे यंत्र आता मुलांसाठी खाली काढले, तर जोडणी जुळताच मारिओ धावू लागतो. पण नव्या टीव्हीवर बदके पडत नाहीत. कारण बंदुकीतून काही सुटतच नाही. ती प्रकाश टिपते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो दिसला, की नेम लागला. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चौकोन तत्काळ उमटे. एलसीडीवर तो किंचित उशिरा येतो आणि तोवर यंत्राने निकाल दिलेला असतो.

पुढच्या पिढीचा 'व्हाइस सिटी' (२००२) संगणकाच्या सीडीवर आला. त्यानंतरचा 'पब्जी मोबाइल' मात्र दूरच्या सर्व्हरवर चाले. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. फोन शाबूत राहिला, खेळ गेला.

कॅसेटला अशी परवानगी लागत नाही. तिला फक्त जुनी सोबत लागते. बदके पाडायची असतील, तर पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारात देऊ नये.