ई-आरोपपत्र : गठ्ठे हलके झाले, मुदत तीच

24 मे 2019 रोजी सुरतच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलाला आग लागून 22 जणांचा बळी गेला. या प्रकरणाचे आरोपपत्र हजारो पानांचे होते आणि आरोपींमध्ये महापालिकेच्या अधिकाऱ्यांचाही समावेश होता. त्या वेळच्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार आरोपीला आरोपपत्राची प्रत विनामूल्य द्यावी लागे. साहजिकच, जितके आरोपी तितके कागदांचे गठ्ठे, अशी स्थिती मोठ्या खटल्यांत उद्भवत असे.

1 जुलै 2024 पासून गुजरातप्रमाणेच गोव्यातही लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही पद्धत बदलली आहे. कलम 193 नुसार पोलिसांना तपासाचा अंतिम अहवाल, म्हणजेच आरोपपत्र, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही दंडाधिकाऱ्यांकडे पाठविता येतो. आरोपीला याच माध्यमातून दिलेली प्रत रीतसर बजावली गेली असे मानले जाते. जप्त केलेले मोबाइल किंवा संगणक कोणाकोणाच्या ताब्यात होते, त्याचा क्रमही आरोपपत्रात नमूद करावा लागतो.

माध्यम बदलले, तरी मुदतीचे बंधन सुटलेले नाही. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत आणि अन्य गुन्ह्यांत 60 दिवसांत तपास पूर्ण न झाल्यास, कलम 187 अन्वये कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत उलटल्यावर आरोपपत्रापूर्वी जामिनाचा अर्ज दाखल झाला असेल, तर नंतर आलेल्या आरोपपत्रामुळे तो हक्क हिरावला जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. त्या प्रकरणात अर्ज सकाळी साडेदहाला, तर तपास यंत्रणेची तक्रार त्याच दिवशी दुपारी 4 वाजून 25 मिनिटांनी दाखल झाली होती. अशा वेळी संगणकावर उमटणारी दाखल झाल्याची अचूक वेळ दोन्ही पक्षांसाठी महत्त्वाचा पुरावा ठरू शकते.

दुसरा प्रश्न वाचनाचा आहे. आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत त्याला प्रत मिळाली पाहिजे, असे कलम 230 सांगते. वकिलामार्फत बाजू मांडणाऱ्या पीडितालाही ती मिळते. परंतु ज्याच्याकडे संगणक नाही, किंवा जो तुरुंगात आहे, त्याच्यासाठी हजारो पानांची फाइल नुसती पाठविणे पुरेसे नाही. आरोप काय आहेत हे कळल्याखेरीज बचाव करता येत नाही. म्हणून नव्या पद्धतीचे यश फाइल किती वेगाने पोहोचली यावर नव्हे, तर ती वाचता आली की नाही यावर ठरेल.